फ्लूवरचं ओढायचं औषध झानामिविर, घरात दमा असलेल्या सासूबाई आहेत, काय करावं?

निरभ्र:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. नवऱ्याला काल दुपारपासून कडकडून ताप, अंग मोडून आलंय, कोरडा खोकला, डोकं उचलवत नाही. आज टेस्ट केली तर इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह आलं. त्याला मागच्या वेळी ओसेल्टामिविरच्या गोळीने खूप उलट्या झाल्या होत्या, औषध पोटात ठरतच नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी या वेळी झानामिविर दिलंय, म्हणजे ते रेलेन्झा, पावडर तोंडाने ओढायची असते ते. सकाळ संध्याकाळ घ्यायचं म्हणाले, ५ दिवस.

आता माझे प्रश्न. घरात सासूबाई आहेत, वय ७१, त्यांना जुना दमा आहे, रोजचा इन्हेलर चालू आहे. मुलगी ११ ची, मुलगा ६ चा आणि मी. नणंदेचं म्हणणं की हे औषध फ्लू होऊ नये म्हणून पण घेता येतं तर सगळ्यांनीच आजपासून सुरू करा, आणि सासूबाईंना तर सगळ्यात आधी द्या कारण त्यांनाच जास्त धोका, शिवाय इन्हेलर ओढायची त्यांना सवय आहेच. मला ते ऐकायला बरोबर वाटतंय पण मनात धाकधूक आहे. डॉक्टरांशी उद्या सकाळीच बोलणं होईल. तोवर कोणाला माहिती असेल तर सांगा, म्हणजे उद्या नीट विचारता येईल. आणि अजून एक, नवरा पावडर ओढतो आणि लगेच खोकतो, मग ते औषध आत जातंय की नाही हे कसं कळणार?

जायफळ:
निरभ्र ताई, मी फार्मासिस्ट आहे, बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून आधी सगळ्यात महत्त्वाचं लिहिते आणि बाकीचं नंतर. सासूबाईंना नवऱ्याचं औषध ओढायला देऊ नका. आज रात्री तर नाहीच, आणि उद्याही डॉक्टरांनी स्वतः दमा लक्षात घेऊन सांगितल्याशिवाय नाही. झानामिविरची कोरडी पावडर श्वासनळीत गेली की दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्यांची श्वासनळी आवळली जाऊ शकते, एकदम धाप लागते, छाती घरघरते, आणि असे गंभीर प्रसंग घडलेले आहेत, काही मृत्यूही नोंदले गेलेत. म्हणूनच श्वसनाचा जुना आजार असलेल्यांना हे औषध देऊ नये असं त्याच्या माहितीपत्रकातच स्पष्ट छापलेलं असतं. रोजचा इन्हेलर ओढायची सवय आहे म्हणून हेही चालेल हा तर्क बरोबर उलटा आहे. त्यांचा इन्हेलर श्वासनळी मोकळी करतो किंवा सूज कमी ठेवतो, ही पावडर त्यातलं काहीच करत नाही, ती फक्त व्हायरसवर काम करते.

पण याचा अर्थ सासूबाईंना काहीच देता येत नाही असा बिलकुल नाही. त्यांच्यासाठी ओसेल्टामिविरची गोळी आहे, बचावासाठी ती दिवसातून एकदा देतात, आणि उद्या डॉक्टरांना नेमकं हेच विचारा की सासूबाईंना बचावाची गोळी सुरू करायची का. किडनीचा काही त्रास असेल तर तो आठवणीने सांगा कारण त्या गोळीचा डोस किडनीप्रमाणे कमी करावा लागतो. आणि त्यांचा दम्याचा नेहमीचा इन्हेलर एकही वेळ चुकवू नका, फ्लूच्या साथीत दमा आटोक्यात असणं हीच अर्धी लढाई.

आता तुम्ही आणि मुलं. बचावासाठी झानामिविर खरंच चालतं, नणंदबाई त्या बाबतीत बरोबर आहेत. घरात कोणाला फ्लू झाला तर बाकीच्यांनी दिवसातून एकदा १० मिलिग्रॅम, म्हणजे ५ चे दोन ओढ, १० दिवस घ्यायचं, आणि आजारी माणसाला लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांच्या आत सुरू केलं तर उपयोग. म्हणजे काल दुपारपासून मोजलं तर तुमच्याकडे साधारण आज मध्यरात्र ते पहाटेपर्यंतच वेळ आहे. वयाचं म्हणाल तर बचावासाठी ५ वर्षांपासून पुढे चालतं. उपचारासाठी मात्र अमेरिकेत ७ वर्षांपासून आणि युरोपात ५ पासून मान्यता आहे, म्हणून ६ वर्षांच्या मुलाला उद्या खरंच ताप आला तर डॉक्टर कदाचित ओसेल्टामिविरचं पातळ औषधच देतील, ते वजनावर मोजून देतात.

पण तुम्ही तिघं धडधाकट असाल तर घ्यायलाच पाहिजे असं मला वाटत नाही. बरेच डॉक्टर निरोगी माणसांना सरसकट बचावाचा कोर्स देत नाहीत, लक्ष ठेवा आणि ताप आला की लगेच उपचाराचा डोस सुरू करू असं सांगतात. त्याचं एक कारण आहे. समजा तुम्हाला आधीच लागण झालेली आहे पण अजून ताप नाही, आणि तुम्ही रोज एकदाच औषध घेताय, तर तो डोस उपचाराच्या निम्मा झाला. अर्धवट डोसात व्हायरस वाढत राहिला तर औषधाला दाद न देणारा व्हायरस तयार व्हायची भीती असते. म्हणून बचावाचा कोर्स चालू असताना कोणाला ताप खोकला सुरू झाला तर तसंच एकदा एकदा घेत बसू नका, डॉक्टरांना कळवा.

गवतफूल:
जायफळ यांनी लिहिलंय ते ठीकच आहे पण मला खरं तर हे औषध इतकं धावपळ करून घेण्याच्या लायकीचं आहे का हाच प्रश्न पडतो. २०१४ साली कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे औषधांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, सगळ्या चाचण्यांचे पूर्ण रिपोर्ट काढून तपासले होते तेव्हा मोठ्या माणसांत लक्षणं कमी व्हायला झानामिविरने साधारण १४ तासांचा फरक पडला, बस्स. न्यूमोनिया किंवा हॉस्पिटलात भरती होणं टळतं याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. आणि अमेरिकेत १९९९ साली एफडीएच्या, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याच्या, सल्लागार समितीने १३ विरुद्ध ४ मतांनी नको म्हटलं होतं, तरी त्याच वर्षी जुलैमध्ये मंजुरी मिळाली. हे सगळं लोकांना कळलं पाहिजे. चांगला धडधाकट माणूस तर विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉलने बरा होतोच की. आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही साध्या, गंभीर नसलेल्या फ्लूसाठी हे ओढायचं औषध सुचवलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, मुलांना आणि ताईंना विनाकारण पावडर ओढायला लावू नका.

टेकडीपलीकडे:
गवतफूल, तुमचे आकडे बरोबर आहेत पण ते सगळे उपचाराचे आहेत, आणि ताईंचा अर्धा प्रश्न बचावाचा आहे, तिथे चित्र बरंच वेगळं आहे. घरात एकाला फ्लू झाल्यावर बाकीच्यांना झानामिविर दिलं अशी एक मोठी चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली होती, त्यात नकली औषध घेणाऱ्या घरांपैकी १९ टक्के घरांत निदान एकाला तरी फ्लू झाला आणि खरं औषध घेणाऱ्या घरांत ४ टक्के. हा फरक लहान नाही. तुम्ही ज्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्त्वांचं सांगताय त्यातच प्राण्यांकडून माणसाला होणाऱ्या जीवघेण्या फ्लूशी संपर्क आला असेल तर बचावासाठी झानामिविर हा एक पर्याय म्हणून दिलेला आहे. म्हणजे औषध टाकाऊ नाही, कुठे वापरायचं हे महत्त्वाचं.

आणि ताईंच्या नवऱ्याच्या बाबतीत तर डॉक्टरांनी विचार करूनच दिलंय, गोळी पोटात ठरत नसेल तर जे पोटात जावंच लागत नाही ते द्या. ४८ तासांच्या आत सुरू झालंय, टेस्ट पॉझिटिव्ह आहे. अशा माणसाला १४ तास का होईना लवकर बरं वाटलं तर मी तरी ते सोडणार नाही. तापात तळमळत पडलेल्या माणसाच्या उशाशी बसलं की १४ तास म्हणजे काय ते कळतं.

थोडं औषधाविषयी पण लिहितो कारण मला हा विषय मनापासून आवडतो. फ्लूचा व्हायरस आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो, पण त्या प्रती बाहेर पडताना पेशीच्या कडेला सायलिक ॲसिड नावाच्या साखरेसारख्या रेणूला चिकटून राहतात, तिथून सुटायला त्याच्याकडे न्यूरामिनिडेझ नावाचं एन्झाइम असतं, ते कात्रीसारखं तो धागा कापतं आणि नवे व्हायरस मोकळे होतात. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन आणि सहकाऱ्यांनी या एन्झाइमची त्रिमितीय रचना शोधून काढली, त्यात एक खोलगट जागा होती जी व्हायरस कितीही बदलला तरी बदलत नव्हती, मग मार्क फॉन इट्झस्टाइन यांच्या गटाने त्या खोलगट जागेत बरोबर बसेल असा रेणू बनवला, तोच झानामिविर. हजारो रसायनं चाळून त्यातलं एक निवडलं असं नाही, जागा बघून औषध घडवलं. इन्फ्लुएंझा ए आणि बी दोन्हीवर चालतं ते यामुळेच. तो रेणू आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही म्हणून गोळी करता आली नाही, ओढायलाच लागतो. आणि २००७ ते २००९ च्या सुमारास एच१एन१ फ्लूचा एक प्रकार ओसेल्टामिविरला अजिबात दाद देईना तेव्हाही झानामिविर त्याच्यावर चालत होतं, ही गोष्ट विसरू नये.

पण यातूनच हेही कळतं की व्हायरस भराभर वाढत असताना, म्हणजे पहिल्या दोन दिवसांतच याचा उपयोग. आणि साध्या सर्दीवर याचा काडीचा उपयोग नाही, सर्दीच्या बहुतेक व्हायरसांकडे हे एन्झाइमच नसतं.

पहाटपाळी:
मी नर्स आहे, ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून लिहिते, कारण औषध बरोबर असून ओढायची पद्धत चुकीची म्हणून वाया गेलेलं मी खूप बघितलंय, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत.

ते ओढायचं यंत्र आहे ना, डिस्कहेलर, त्यात जी चकती घालतात तिच्यावर ४ फुगीर कप्पे असतात, प्रत्येकात ५ मिलिग्रॅम औषध. एका वेळी दोन कप्पे. झाकण पूर्ण सरळ उभं होईपर्यंत वर उचलायचं, अर्धवट नाही, म्हणजे आतली सुई कप्प्याला वरून आणि खालून दोन्हीकडून भोक पाडते. मग झाकण बंद करायचं आणि इथून पुढे यंत्र आडवं सपाट धरायचं, कारण तिरकं केलं की पावडर सांडते आणि आपल्याला कळतही नाही. आता यंत्र तोंडापासून लांब ठेवून श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. यंत्रात फुंकायचं नाही, फुंकलं की पावडर उडून जाते. मग तोंडात दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे, पण तोटीच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात ती ओठांनी किंवा बोटांनी झाकायची नाहीत, हवा तिथूनच येते, बहुतेक लोक इथेच चुकतात. मग तोंडाने एकसारखा, खोल श्वास ओढायचा, यंत्र बाहेर काढायचं आणि जमेल तितके काही सेकंद श्वास रोखून धरायचा. नंतर चकतीचा ट्रे ओढून परत आत ढकलला की पुढचा कप्पा समोर येतो, पुन्हा तेच.

ओढून झाल्यावर कप्पा बघा, रिकामा असेल तर पावडर निघाली. ओढल्यावर घशात थोडी खवखव, एखादा खोकला हे चालतं, कारण पावडरचा मोठा भाग घशातच बसतो, फुप्फुसात थोडाच जातो आणि औषध त्या हिशेबानेच दिलेलं असतं. ओढतानाच ढास लागत असेल तर ओढायच्या आधी घोटभर कोमट पाणी प्या, सरळ बसून घ्या, पडून नको. पण एक फरक नीट ध्यानात ठेवा, खोकला येऊन थांबला तर ठीक, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, श्वास आखडला किंवा चेहरा ओठ सुजले तर पुढचा डोस घ्यायचा नाही आणि लगेच दवाखाना गाठायचा. दमा नसलेल्यांतही क्वचित असं होतं.

आज पहिला दिवस आहे ना त्याचा? तर आज दोन डोस व्हायला हवेत, मधे कमीत कमी २ तासांचं अंतर, उद्यापासून साधारण १२ तासांनी. कप्पा आधीच फोडून ठेवू नका, घ्यायच्या वेळीच फोडायचा. मुलीला द्यायची वेळ आली तर तिच्या हातात देऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊ नका, समोर बसून घ्यायला लावा.

निरभ्र:
सगळ्यांचे मनापासून आभार, खूप धीर आला. जायफळ ताई, तुम्ही सासूबाईंचं लिहिलंत ते वाचून अंगावर काटाच आला, नणंदेला तसंच्या तसं वाचून दाखवलं. आत्ता नवऱ्याचा दुसरा डोस पहाटपाळी ताईंनी लिहिलंय तसा घेतला, तो ओठांनी ती भोकं झाकत होता हे लक्षात आलं, या वेळी कप्पा साफ रिकामा झाला.

आता नणंद म्हणतेय की पावडरने धाप लागत असेल तर सासूबाईंच्या नेब्युलायझरमध्ये ती पावडर पाण्यात विरघळवून वाफेतून देता येईल, घरात मशीन आहेच. आणि मुलाचं एक राहिलं, त्याला दूध पचत नाही, पोट फुगतं, आणि या पावडरमध्ये लॅक्टोज असतं असं पाकिटावर लिहिलंय, तर?

पहाटपाळी:
नेब्युलायझरमध्ये अजिबात नाही!! ताई हे कृपा करून नणंदबाईंना आत्ताच सांगा. ही पावडर विरघळवून द्यायची नसतेच. प्रत्येक कप्प्यात ५ मिलिग्रॅम औषधाबरोबर २० मिलिग्रॅम लॅक्टोज असतं, ते मशीनच्या नळ्यांत चिकटतं. २००९ मध्ये हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर असलेल्या एका पेशंटला अशी विरघळवलेली पावडर नेब्युलायझरने दिली तेव्हा त्या लॅक्टोजने व्हेंटिलेटर बंद पडला आणि तो पेशंट दगावला, त्यानंतर कंपनीनेच सगळ्या डॉक्टरांना पत्र पाठवून असं करू नका म्हणून बजावलं होतं. आणि दमा असलेल्या माणसाच्या बाबतीत तर मुळात औषधच नको आहे, कोरडं काय आणि ओलं काय.

जायफळ:
दुधाचं सांगते. दूध पचत नाही म्हणजे पोट फुगणं, जुलाब, तर एवढ्याशा लॅक्टोजने सहसा काही होत नाही, शिवाय ते ओढायचं असतं. पण दुधाची ॲलर्जी असेल, म्हणजे दूध घेतल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं, तर हे औषध पूर्ण वर्ज्य, कारण त्या लॅक्टोजमध्ये दुधाच्या प्रोटीनचा अंश असतो. मुलाला यातलं नक्की काय आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तुम्हाला जरा जरी शंका असेल तर त्याला पावडर नकोच.

आणि तुमच्यापैकी कोणी एवढ्यात नाकात फवारायची फ्लूची लस घेतली आहे का? तीत जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो, हे औषध त्यालाही थोपवतं, म्हणून ती लस घेतल्यावर २ आठवडे हे औषध शक्यतो घेत नाहीत, आणि औषध बंद केल्यावर ४८ तास ती लस घेत नाहीत. इंजेक्शनच्या लसीला काही अडचण नाही.

गवतफूल:
बचावाचे ते १९ आणि ४ टक्के माझ्या वाचनात नव्हते, धन्यवाद टेकडीपलीकडे. साध्या फ्लूत निरोगी माणसाला औषधाची घाई नको हे माझं मत अजून तेच आहे, पण सासूबाईंसारख्यांना गोळी लवकर मिळावी याला माझाही पूर्ण पाठिंबा. ताई, औषध कोणीही घेवो न घेवो, नवऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवा, खिडक्या उघड्या, त्याने आणि त्याच्याजवळ जाणाऱ्याने मास्क. लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस माणूस फ्लू पसरवत असतो. सासूबाईंची सेवा आणि त्याची सेवा एकाच माणसाने न केलेली बरी.

निरभ्र:
डॉक्टरांशी आत्ताच बोलणं झालं. सासूबाईंना ओसेल्टामिविर दिवसातून एकदा, १० दिवस, त्यांचे किडनीचे जुने रिपोर्ट मागवून बघितले आणि मगच सांगितलं. झानामिविर त्यांच्या हाताला लागेल असं ठेवूही नका म्हणाले. मुलांना आणि मला आत्ता काही नाही, फक्त ताप मोजत राहायचा आणि कोणालाही चढला तर त्याच दिवशी फोन. मुलाला दुधाची ॲलर्जी नाही, नुसतं पचत नाही, तरी त्याला वेळ आली तर पातळ औषधच देऊ म्हणाले.

नवऱ्याचा ताप आज बराच उतरलाय, तो म्हणतोय आता पावडर बंद करतो, बरं वाटतंय तर कशाला. बंद केलं तर चालेल का?

जायफळ:
नाही, ५ दिवस पूर्ण करायला सांगा. ताप उतरला म्हणजे व्हायरस संपला असं नसतं. आणि या दिवसांत तो असंबद्ध बोलू लागला, भास झाल्यासारखं वागला तर दुर्लक्ष करू नका, फ्लूमुळेही होतं आणि या औषधांवर असतानाही असे प्रसंग नोंदले गेलेत, जास्त करून मुलांमध्ये, म्हणून पुढे मुलांना कुठलंही फ्लूचं औषध सुरू झालं तर पहिले दोन दिवस रात्री त्यांच्याजवळच झोपा. तसंच ताप एकदा उतरून दोन दिवसांनी परत चढला आणि खोकला वाढला तर तो वेगळा जंतुसंसर्ग असू शकतो, त्यावर झानामिविर काम करत नाही, तेव्हा त्याला पुन्हा दाखवून आणा. सासूबाईंच्या बाबतीत मात्र परत तापाची वाट बघायची नाही, नेहमीपेक्षा जास्त वेळा तो आराम देणारा इन्हेलर लागायला लागला की त्याच दिवशी डॉक्टर.